डोम सीला उपकरण नेताय? आधी वायरी बघा

डोम सी म्हणजे अंटार्क्टिकाच्या आतलं बर्फाचं उंच पठार, तिथे दुर्बिणी बसवतात. तिकडे जायचं म्हटलं की लोक जाकिटाची चौकशी करतात. जाकीट-बूट मोहिमेकडून मिळतात, तो विषय सोडा. केबल कुठली घेतली ते सांगा. पीव्हीसीच्या आवरणाची असेल तर आत्ताच बाजूला काढा. उणे तिशीतच ती काठीसारखी ताठते आणि उणे साठला वाकवली की तडकून आतलं तांबं दिसू लागतं. तिथल्या कॉन्कॉर्डिया या संशोधन स्थानकावर हिवाळ्यात उणे साठ म्हणजे रोजचंच, कधी कधी उणे ऐंशीच्याही खाली जातं. (पारा उतरला असं तिथे म्हणायची सोय नाही, तो उणे ३९ लाच गोठतो.) टेफ्लॉनची घ्या, नाहीतर खास थंडीसाठी बनवलेली सिलिकॉनची.

मोठ्या केबली सगळेच बदलतात. राहतं ते विकतच्या मालाला चिकटून आलेलं: मोटरची वीतभर वायर, हीटरच्या पट्टीची शेपटी, लिमिट स्विचच्या (मोटरला टोकाशी थांबवणाऱ्या बटणाच्या) दोन तारा. गेल्या खेपेला माझं तिथेच फसलं. म्हणून प्रत्येक डबा उघडायचा, प्रत्येक वायर बोटांनी चाचपायची. शंका असेल तर तुकडा कापून थर्माकोलच्या खोक्यात कोरड्या बर्फात रात्रभर ठेवा. त्याचं तापमान उणे ७८ असतं, म्हणजे परीक्षा बरोबर तिथलीच. सकाळी जाड हातमोजे घालून वाकवा. खोकं बंद खोलीत ठेवू नका, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. केबल बांधायचे नायलॉनचे टाय पण तपासा, तेही कटकन तुटतात.

एवढी कटकट का, तर फेब्रुवारीत शेवटचं विमान गेलं की नोव्हेंबरपर्यंत काही येत नाही. किनारा सुमारे हजार किलोमीटर लांब. हातभर वायर कुणाकडे मागणार? म्हणून प्रत्येक वायरीचा जोड सुटा घ्या, कनेक्टर लावलेला. उघड्यावर सोल्डरिंग विसरा.

ग्रीस: साधं चालत नाही, गोठून बेअरिंग अडकतं. थंडीचं घ्या किंवा कोरडं वंगण. धातू: मीटरभर ॲल्युमिनियम २० वरून उणे ७० ला गेलं की सुमारे दोन मिलिमीटर आखडतं, पोलाद त्याच्या जेमतेम निम्मं. दोन्ही घट्ट आवळलेत तर आरशाची बैठक हललीच समजा. अर्थिंग तिथे मिळत नाही. खाली तीन किलोमीटर बर्फ, तो वीज वाहून नेत नाही, आणि हवा इतकी कोरडी की स्पर्शासरशी ठिणगी. सगळ्या धातूच्या भागांना एकमेकांशी जोडणारी जाड तार हवी. तीही पीव्हीसीची नको!

हवा हलली की ताऱ्याची प्रतिमा पसरते. डोम सीवर ती जेमतेम ०.२७ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) पसरते, हा २००४ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेला आकडा दाखवून कुणी हुरळून जाऊ नये. इतकी स्थिर हवा जमिनीपासून सुमारे ३० मीटरच्या वर आहे. बर्फालगतचा थर खवळलेलाच असतो. दुर्बीण मनोऱ्यावर नसेल तर अपेक्षा बेतानं ठेवा. आरशावर हिमकण बसतात. हीटर जोरात लावला तर आरशासमोरची हवाच हलते, तेव्हा थोडीच ऊब द्यायची. आणि काचेवर फुंकर मारायची नाही, श्वास तिथल्या तिथे गोठतो. कॅमेरा आत आणताना आधी बाहेरच हवाबंद पिशवीत घाला.

बाकीचं पटापट. हार्ड डिस्क नको, एसएसडी. स्क्रू मोठ्या डोक्याचे, हातमोज्यांनी फिरतील असे. बॅटऱ्या उबदार पेटीत. होबार्टहून जहाजानं जाणारा माल फार आधी निघतो, तारीख विचारून घ्या. पेट्यांची यादी आतही आणि बाहेरही. पेट्यांना खिळे ठोकण्याआधी सुट्या (जादा घेतलेल्या) मोटरींच्या वायरी परत एकदा. हो, सुट्यांच्याच, त्याच राहतात. दाताचं काही असेल तर इथेच उरका. ३,२३३ मीटरवर सुरुवातीला धाप लागते, पहिले काही दिवस जड उचलू नका. ओठांचं मलम. झालं.