सर-टू-नेट चालू करण्याआधी

सिरियल यंत्र नेटवर्कवरून चालवायचं तर सर-टू-नेटची (ser2net, सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणून देणारा लिनक्सवरचा प्रोग्राम) सेटिंगची फाइल लिहायला फारसा वेळ लागत नाही. वेळ खातात त्या आधी न पाहिलेल्या गोष्टी. म्हणून पहिलं काम, यंत्राच्या मॅन्युअलमधून बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) वगैरे लिहून घ्या. ९६००एन८१ म्हणजे ९६०० बॉड, पॅरिटी नाही, डेटाचे ८ बिट, स्टॉपचा १. अंदाजाने काहीतरी टाकलं की पडद्यावर कचरा येतो आणि खापर केबलवर फुटतं. केबलचीच शंका असेल तर यंत्र काढा, नऊ पिनांच्या टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिना तारेने जोडा. टाइप केलेलं अक्षर तसंच परत आलं की तिथपर्यंत सगळं ठीक.

पोर्टसाठी लिनक्स यूएसबी-सिरियल अडॅप्टरला देतो त्या टीटीवाययूएसबी० (ttyUSB0) या नावावर विसंबू नका, रीबूटनंतर शून्याचा एक होऊ शकतो. बाय-आयडी (/dev/serial/by-id) फोल्डरमधलं, अडॅप्टरच्या ओळखीवरून बनलेलं कायमचं नाव घ्या. सीएच३४० चिपवाल्या अडॅप्टरना बहुधा स्वतःचा सिरियल नंबरच नसतो, त्यामुळे असे दोन असले की तिथेही घोळ होतो. मग बाय-पाथ फोल्डरमधलं, यूएसबी पोर्टच्या जागेवरून बनलेलं नाव वापरायचं आणि कुठला अडॅप्टर कुठल्या यूएसबी पोर्टात, याची चिठ्ठी चिकटवायची.

पोर्ट आधीच कुणी धरून ठेवलाय का, ते फ्यूजर (fuser) कमांडने बघा. बहुतेक वेळा लॉगिन विचारणारा गेट्टी नाहीतर मोडेम सांभाळणारा मोडेममॅनेजर सापडतो. हा दुसरा तर मोडेम समजून यंत्राला एटी कमांड पाठवत बसतो! डेबियनवर डेमनच्या (म्हणजे मागे चालणाऱ्या सर-टू-नेटच्या) यूजरला पोर्ट वापरायला डायलआउट ग्रुपही लागतो.

सर-टू-नेटच्या आवृत्ती ४ पासून फाइल यॅमल (YAML) या मांडणीत असते. टॅब चालत नाही, स्पेसच द्या. क्लायंटला (नेटवर्कवरून जोडणाऱ्या प्रोग्रामला) तिकडून बॉड रेट बदलायचा असेल तर जोडणी टेलनेटची ठेवा, आरएफसी २२१७ (त्यासाठीचा टेलनेटचा नियम) सकट. बायनरी डेटा असेल तर साधं टीसीपी बरं, कारण टेलनेटमध्ये २५५ हा बाइट दोनदा पाठवावा लागतो आणि हे न जाणणारा प्रोग्राम गडबडतो.

खरा विचार करायचा तो किकओल्डयूजर आणि टाइमआउट (काही हालचाल नसेल तर कनेक्शन तोडणं) या दोन सेटिंगांचा. मुळात एका पोर्टवर एकच जण जोडला जातो. कुणाचा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की त्याचं कनेक्शन लटकत राहतं आणि बाकीच्यांना पोर्ट बिझी दिसतो. किकओल्डयूजर ट्रू केलं की नवा आला, जुना बाहेर. राउटरच्या कन्सोलला हे उत्तम. पण ज्या पोर्टवरून फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवता तिथे नको. मधेच कुणी जोडलं तर यंत्र अर्धवट राहील. तिथे टाइमआउट द्या, तो सेकंदांत असतो. तासाला एकच रीडिंग देणाऱ्या सेन्सरवर मात्र तोही कनेक्शन तोडत बसेल, तेव्हा शून्यच (म्हणजे टाइमआउट बंद) ठेवा.

साध्या टीसीपीत पासवर्ड वगैरे काही नसतं. पोर्ट लोकलहोस्टलाच (म्हणजे त्याच मशीनपुरता) बांधा आणि बाहेरून एसएसएच टनेलमधून (एसएसएचच्या सुरक्षित जोडणीतून) या. मग मशीन रीबूट करा, अडॅप्टर उपटून पुन्हा लावा, आणि दोन्ही वेळा काही न बदलता जोडता येतं का ते बघा.