परदेशातल्या मुलांसाठी इथून राउटर नेताय? या चुका टाळा

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत मारुती रोडला दीड-दोन हजारांत बरा राउटर मिळतो. मुलगा-सून तिकडे नवं घर लावत असतील, तर कंदी पेढ्यांबरोबर राउटरचा खोकाही बॅगेत जातो आणि बऱ्याचदा तिथे कपाटात पडून राहतो. कारण घेताना अँटेना मोजल्या जातात, तिकडची लाईन कोणती हे कुणी विचारत नाही.

आधी भिंतीचा फोटो मागवा

आपल्याकडे आता बहुतेक ठिकाणी फायबर आहे. ऑपरेटर ओएनटी (फायबर ज्यात येतं तो डबा) लावून देतो आणि राउटर त्याच्या मागे चालतो. अमेरिकेत मात्र असंख्य घरांत इंटरनेट टीव्हीच्या केबलवरून येतं. भिंतीतून फिरवून घट्ट करायची जाड गोल वायर येत असेल, तर डॉक्सिस मोडेम (केबल टीव्हीच्या वायरीवरून नेट देणारा) लागतो आणि तो त्या कंपनीच्या मान्य यादीतलाच हवा. इथला राउटर त्या मोडेमच्या मागे चालेल, त्याच्या जागी नाही.

केबल मोडेमची आणखी एक खोड आहे. पहिल्यांदा जोडलेलं यंत्र तो लक्षात ठेवतो. नवा राउटर लावला की वाय-फाय दिसतं, पण नेट येत नाही, आणि लोक राउटरच खराब ठरवतात. मोडेमचा प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, नवा राउटर जोडा, मोडेम सुरू करा. मोडेमचे दिवे स्थिर झाले की मग राउटर चालू करा.

जर्मनीत अजून बऱ्याच घरांत टेलिफोनच्या तारेवरून व्हीडीएसएल (एडीएसएलपेक्षा वेगवान इंटरनेट) येतं. घरात पडलेला बीएसएनएलचा जुना एडीएसएल मोडेम तिथे उपयोगाचा नाही, कारण लाईनचं मानकच वेगळं आहे. १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे ग्राहकाला स्वतःचा राउटर लावायचा कायदेशीर हक्क आहे. पण डॉइच टेलिकॉमच्या लाईनवर पीपीपीओईच्या (नेट सुरू करायच्या लॉगिनच्या) युजरनेम-पासवर्डसोबत व्हीलॅन ७ हा लाईनचा ओळख-क्रमांकही भरावा लागतो. स्वस्त राउटरमध्ये ही सोय असलीच तर 'आयपीटीव्ही' नावाच्या पानात दडलेली असते. एकूण, जर्मनीसाठी राउटर जर्मनीतच घेतलेला बरा.

बाराशेचा राउटर, शंभरचं पोर्ट

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एसी १२००' असतं. हा आकडा वाय-फायच्या दोन पट्ट्यांची, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ एमबीपीएस यांची, कागदावरची गोळाबेरीज आहे. इंटरनेट आत येतं ते वॅन पोर्टमधून, आणि स्वस्त मॉडेलमध्ये हे पोर्ट १०/१००, म्हणजे फार तर १०० एमबीपीएसचं, असतं. तिकडे ५०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी स्पीड टेस्ट ९४-९५ च्या वर सरकत नाही. खोक्याच्या मागच्या बारीक तक्त्यात '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट वॅन' लिहिलेलं वाचूनच पैसे द्या.

पोर्ट गिगाबिट असूनही आकडा ९४ लाच अडकला, तर केबल पाहा. गिगाबिटला आठही तारा लागतात. जुनी केबल चार तारांची असते किंवा क्लिपमध्ये एखादी तार नीट दाबलेली नसते, तेव्हा पोर्ट मुकाट्याने १०० वर उतरतं. कॅट-५ई ची तयार केबल लावली की काम होतं.

नेटवर्क दिसतच नाही

२.४ गिगाहर्ट्झवर भारतात आणि युरोपात १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत १ ते ११. इथून नेलेला राउटर 'ऑटो'वर राहून १२ किंवा १३ वर गेला, तर अमेरिकेत घेतलेल्या फोनला ते वाय-फाय दिसत नाही. सेटिंगमध्ये देश बदला. तो पर्यायच नसेल, तर तो राउटर तिकडे वापरू नये, कारण रेडिओचे नियम ज्या त्या देशाचे असतात. ६ गिगाहर्ट्झचा पट्टाही असाच: अमेरिकेत ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ खुला आहे, युरोपात फक्त ५९४५ ते ६४२५.

५ गिगाहर्ट्झचं नाव रीस्टार्टनंतर मिनिटभर गायब होत असेल, तर बिघाड समजू नका. ५२ ते १४४ या चॅनेलवर राउटरला आधी रडार आहे का ते ऐकावं लागतं. थांबायचं नसेल तर ३६ ते ४८ मधला चॅनेल कायम करा.

विजेचं थोडक्यात. ॲडॉप्टरवर '१००-२४०' व्होल्ट लिहिलेलं असेल, तर फक्त पिनचा प्रश्न उरतो: अमेरिकेत दोन चपट्या, लंडन-दुबईत तीन चौकोनी. आणि दुबईत व्हॉट्सॲप कॉल लागत नाही म्हणून राउटर बदलू नका. ती बंदी तिथल्या नियमांची आहे. परवानगी असलेलं ॲप वापरा.

तिकडून इकडे आलेला राउटर

मुलं येताना आईवडिलांसाठी भारी राउटर आणतात. अमेरिकन मॉडेलमध्ये देश बहुधा बदलता येत नाही आणि वॉरंटी इथे सहसा चालत नाही. तरीही लावायचा असेल, तर ऑपरेटरचा डबा काढू नका. त्याच्याशिवाय फायबर चालणार नाही. नव्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडवर टाका (म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल), ऑपरेटरच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून केबल घ्या आणि त्या डब्याचं वाय-फाय बंद करा. हे न करता एकामागे एक दोन राउटर चालवले, तर टीव्ही एका नेटवर्कवर, फोन दुसऱ्यावर आणि कॅमेरा कुठेच नाही, असा घोळ होतो. पेठेतल्या जाड भिंतींच्या जुन्या घरात एक महागडा राउटर काही करू शकत नाही. मधल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा साधा ॲक्सेस पॉइंट लावा.

लाईट जाते तेव्हासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण आधी राउटर आणि ओएनटी दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे ॲम्पिअर बेरीज करून पाहा. १.५ आणि १ असे असतील, तर २ ॲम्पिअरचा यूपीएस पुरणार नाही. वळवाच्या दिवसांत कडकडाट सुरू झाला की प्लग काढा. फायबरमधून झटका येत नाही, पण गच्चीवरून आलेली तांब्याची लॅन केबल असेल, तर तीही काढा.

मुलांनी तिकडून सेटिंग सांभाळायची असेल, तर कंपनीच्या ॲपवर त्यांच्या ईमेलने खातं उघडा. 'रिमोट मॅनेजमेंट' पोर्ट (बाहेरून थेट राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची वाट) उघडं ठेवू नका. पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून राउटरच्या बाजूला चिकटवा. आईवडिलांना फोनवरून 'रीस्टार्ट कर' सांगितलं की ते हमखास टाचणी घेऊन रिसेटचं भोक दाबतात, आणि मग सगळं सेटिंग पुसून ऑपरेटरची वाट बघावी लागते. त्या भोकावर चिकटपट्टी लावा आणि सांगा, 'फक्त भिंतीवरचं बटण बंद-चालू करा.'