जुन्या ४जी फोनवर नेट चालतं, पण कॉल लावताच रेंज जाते: उपाय

नंबर डायल केला की रेंज गायब, कॉल कट. सिम बदललं, नेटवर्क सेटिंग रीसेट केलं, फरक शून्य. तातडीला फोन लागणार नाही ही धास्ती वाईट.

व्होल्टी (४जी नेटवर्कवरूनच कॉल करण्याची सोय) बंद असेल तर ४जी फोन कॉलसाठी ३जी किंवा २जीवर उतरतो. ती जुनी नेटवर्कंच बंद झाली की उतरायला जागा नाही.

आधी सिस्टिम अपडेट केली. काही फोनांत पर्याय त्यानंतरच दिसतो. मग सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, आपलं सिम, तिथे व्होल्टी (कुठे ‘४जी कॉलिंग’) सुरू. नेटवर्क प्रकार ऑटो. रीस्टार्ट. आता कॉल चालू असतानाही वर ४जी दिसतं.

पर्यायच नसेल तर त्या मॉडेलला नेटवर्क कंपनीची व्होल्टी मान्यता आहे का, ते आधी विचारा.