काजळी, राख, कोळसा यांतून वीज वाहते का? प्रयोगातल्या या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की हा प्रयोग हमखास येतो, आणि चुकाही दरवर्षी त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘कोळसा म्हणजे कार्बन, मग वीज वाहणारच’ असं आधीच ठरवून बसणं. एका शाळेतल्या मुलांनी चुलीतला कोळसा आणला. मल्टिमीटर (विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध, मोजणारं यंत्र) २००० केच्या, म्हणजे २००० किलोओहमच्या रेंजवर, तरी पडद्यावर डावीकडे नुसता १. म्हणजे रोध त्या रेंजच्याही बाहेर, वीज जवळजवळ जातच नाही. मुलांना घाई होती. त्यांनी कोळशाच्या जागी पेन्सिलचं शिसं लावलं, एलईडी पेटला आणि तक्त्यावर लिहून टाकलं ‘कोळसा: सुवाहक’. असल्या शॉर्टकटची मला चीड आहे, कारण त्यांना मिळालेलं पहिलं उत्तरच खरं होतं. ४००-५०० अंशांवर तयार झालेला लाकडी कोळसा वीज जवळजवळ अडवतो. ७००-८०० अंशांच्या पुढे तापला की त्यातल्या कार्बनची रचना बदलते आणि वीज वाहू लागते. तोच तुकडा आम्ही पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरला, झाकणाला वायू निघायला भोक पाडलं, लोहाराकडून भट्टीत लालबुंद करून घेतला आणि डबा न उघडता गार होऊ दिला. मग मीटरवर आकडा आला. एडिसनने १८७९ साली दिव्यासाठी सुती धागा असाच भाजून कार्बनचा केला होता.

राखेचं उलट होतं. कोरडी राख वीज वाहत नाही, पण तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात विरघळलं की आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात आणि वीज वाहते. पावसाळ्यात राख आपोआप दमट होते आणि मुलं ‘राख सुवाहक’ लिहून मोकळी होतात. मी राख आधी चाळते, म्हणजे कोळशाचे कण निघतात, मग तव्यावर भाजून कोमट असतानाच मोजते. ओल्या राखेसोबत नुसतं नळाचं पाणीही मोजायचं, नाहीतर तुलना कशाशी करणार?

काजळी काचेवर धरून मीटरच्या पिना टेकवू नका, कण सुटे असतात. रिकाम्या, स्वच्छ रिफिलच्या तुकड्यात भरा आणि दोन्हीकडून खिळ्यांनी घट्ट दाबा. मेणबत्तीपेक्षा दिव्याची काजळी मला बरी वाटते, मेणाचा चिकटा नको.

मल्टिमीटरच्या बझरवर विसंबू नका, रोध अगदी थोड्या ओहमचा असेल तरच तो वाजतो.

आणि घरातल्या २३० व्होल्टवर यातलं काहीही करायचं नाही. ९ व्होल्टची बॅटरी पुरते.