उतरणीला लागलेला माल वेळीच कसा ओळखावा

कोणतेही उत्पादन बाजारात प्रवेश, वाढ, परिपक्वता आणि ऱ्हास या चार अवस्थांतून जाते, हे वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेले असते. थिओडोर लेविट यांनी या जीवनचक्राचा धंद्यात प्रत्यक्ष उपयोग कसा करावा, हे १९६५ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधील लेखात मांडले. तरीही सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदाराला त्याचा माल आज कोणत्या अवस्थेत आहे असे विचारले, तर तो वर्षाची उलाढाल सांगतो. मी चादर-टॉवेलच्या कारखान्यांचे हिशेब लिहितो आणि माझे ठाम मत आहे की, मालाची अवस्था उलाढालीवरून कळत नाही. ती नगांवरून, उधारीवरून आणि फिरून, म्हणजे त्याच दुकानांतून पुन्हा, आलेल्या मागणीवरून कळते.

आधी कशाची अवस्था पाहायची ते ठरवावे. ‘चादरीचे दिवस संपले’ असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते, पण या बोलण्यात तीन गोष्टींची गल्लत होते: सोलापुरी चादर हा मालाचा प्रकार, त्यातले एखादे वजन व माप, आणि त्या मापातली एखादी नक्षी. हलक्या पॉलिस्टर ब्लँकेटांनी चादरीचा बराच बाजार घेतला आणि अनेक यंत्रमाग टेरी टॉवेलकडे वळले, हे खरे आहे. परंतु त्याच काळात एखादी नवी नक्षी वाढीच्या अवस्थेत असू शकते. म्हणून खतावणीत प्रत्येक वाणाचे, म्हणजे एका मापातल्या एका नक्षीचे, पान वेगळे असावे. ते नसेल तर पुढचे काहीच करता येत नाही.

त्या पानावर रुपयांच्या आधी नग लिहावेत. समजा, एका नक्षीच्या चादरी पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी ३,२००, तिसऱ्या वर्षी ३,५०० आणि चौथ्या वर्षी ३,५५० नग विकल्या गेल्या. म्हणजे वाढ आधी ६० टक्के, मग सुमारे ९ टक्के आणि शेवटी जेमतेम दीड टक्का झाली. आता तिसऱ्या वर्षी दर ३०० रुपये होता आणि सूत महागल्याने चौथ्या वर्षी तो ३३० रुपये झाला, असे धरले, तर विक्री १०,५०,००० वरून ११,७१,५०० रुपयांवर गेली, म्हणजे साडेअकरा टक्क्यांनी वाढलेली दिसते. मालक समाधानी राहतो आणि त्याच नक्षीसाठी सुताची आगाऊ खरेदी करतो, पण मागणीची वाढ केव्हाच थांबलेली असते. मी पाहिलेल्या बहुतेक पडून राहिलेल्या मालाचे मूळ याच एका चुकीत होते.

तुलना करताना हंगाम सांभाळावा. सोलापूरची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला असल्याने जानेवारीची जानेवारीशी तुलना चालते. दिवाळीचे तसे नाही. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ साली ते २१ ऑक्टोबरला आले. नुसते ऑक्टोबरचे आकडे शेजारी ठेवले, तर चांगला चालणारा माल पडलेला आणि पडता माल उसळलेला दिसेल. त्याकरिता ऑगस्ट ते नोव्हेंबर हे चार महिने एकत्र धरावेत. थंडीची आणि लग्नातल्या आहेराची मागणी वेगळी लिहावी.

नगांची वाढ मंदावली की उधारीकडे पाहावे. पूर्वी तीस दिवसांत पैसे देणारा ठोक व्यापारी साठ दिवस मागू लागला, गाठीमागे (मालाच्या बांधलेल्या गठ्ठ्यामागे) जादा सूट मागू लागला, किंवा ‘माल पाठवा, विकला की देतो’ म्हणू लागला, तर त्याच्या दुकानात तो माल हलत नाही, हे समजावे. एकाने मागितले तर ती त्याची अडचण असेल. तिघांनी मागितले तर तो वाणाचा निकाल आहे. तसेच फिरून मागणी किती दुकानांतून आली ते मोजावे. एकूण नग तेवढेच राहून दुकाने वीसवरून आठवर आली, तर उतरण सुरू झाली आहे. जमल्यास स्वतः दुकानात जाऊन वरच्या फळीवरची घडी उलगडून पाहावी. घडीच्या रेघेवर रंग विटला असेल, तर ती चादर कित्येक महिने कोणी उघडलेली नाही.

ऱ्हास दिसला म्हणून लगेच माग थांबवू नये. जीवनचक्राच्या कल्पनेवर एक रास्त आक्षेप घेतला जातो: उत्पादन उतरणीला लागले असे मानून मालक त्याच्याकडे दुर्लक्ष करतो आणि त्यामुळेच ते बुडते. म्हणून एक हंगामभर दर न पाडता रंगसंगती किंवा माप बदलून थोडाच माल काढावा आणि नग, उधारी आणि फिरून आलेली मागणी या तिन्ही गोष्टी पुन्हा तपासाव्यात. सुधारणा नसेल, तर त्या वाणासाठी नवे सूत घेणे बंद करावे, शिल्लक माल एकाच वेळी एकाच दराने काढावा आणि माग वाढीच्या वाणाला द्यावा. टप्प्याटप्प्याने दर उतरवल्यास व्यापारी पुढच्या उतरणीची वाट पाहत थांबतो आणि तुमच्या इतर वाणांचे दरही मोडतो.

बंद केलेल्या नक्षीची जेकार्डची कार्डे (मागावर नक्षी विणवून घेणारे छिद्रांचे पुठ्ठे) मात्र रद्दीत घालू नयेत. त्यांच्यावर नक्षीचे नाव, वजन, माप आणि शेवटची गाठ गेल्याची तारीख लिहून ती कोरड्या जागी टांगून ठेवावीत, कारण जुना व्यापारी दोन वर्षांनी आगाऊ रक्कम देऊन तीच चादर मागतो, तेव्हा कार्डे नव्याने पाडण्याचा खर्च त्या छोट्या मागणीतून निघत नाही.