मृगाआधीचे वीस दिवस: आंब्याच्या कोयी, साली आणि रातांब्याच्या बिया सुकवताना

मे महिन्याची १८-२० तारीख उलटली की कोकणातल्या आमरसाच्या छोट्या युनिटांत आणि घरगुती कॅनिंगच्या शेडमध्ये एकच धांदल असते. बाजारात न चालणारा, डागी, बारका हापूस याच दिवसांत रसाला येतो. शेजारच्या खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम चालू असतं. आणि मृग ७-८ जूनला दारात. त्याआधी वळवाची एखादी सर कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणजे कडक ऊन हाताशी असलेले दिवस मोजून वीस. या वीस दिवसांत रस काढून उरलेल्या मालाचं काय करायचं, एवढ्यापुरता हा सल्ला आहे.

रस काढल्यावर साल आणि कोय मिळून फळाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा उरतो. दिवसाला १ टन आंबा लावणाऱ्या युनिटात रोज ३०० ते ३५० किलो माल. बऱ्याच ठिकाणी तो टेम्पोत भरून वहाळाच्या कडेला किंवा कातळावर ओततात. दोन दिवसांत त्याला आंबूस वास सुटतो, माश्या घोंगावतात, आणि पहिल्या पावसात ते सगळं पाणी वहाळातून खालच्या विहिरींकडे जातं. हे थांबवायला हवं, हे सगळ्यांना कळतं. अडतं ते जागा, माणसं आणि वेळ यांच्यापाशी.

म्हणून आधी माझं मत सांगतो. सगळंच्या सगळं सुकवायला जाऊ नका. आधी रातांब्याची बी, मग कोय, आणि ट्रे शिल्लक राहिले तरच साल. हा क्रम ठेवला तर हाताला काहीतरी लागतं. उलटा ठेवला तर तिन्ही कुजतात.

कारण साधं आहे. सालीत ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. १०० किलो ओली साल १० टक्के ओलाव्यापर्यंत आणली की हाती २८ किलो राहते, म्हणजे ७२ लिटर पाणी हवेत घालवावं लागतं. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. उन्हानं हे काम फुकट होतं, पण त्याला जागा हवी. एकावर एक थर न देता पसरायची तर चौरस मीटरला ५ किलोच्या वर साल बसत नाही. १०० किलो सालीला २० चौरस मीटर, आणि ती जागा दोन-तीन दिवस अडकणार. रोजचा नवा माल कुठे घालाल? लाकडावरच्या ड्रायरमध्ये सगळी साल घालायची म्हटलं तर लाकूडफाट्याचा हिशेब आधी मांडा. बहुतेक वेळा तो परवडत नाही.

रातांब्याची बी

आमसूल आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करणाऱ्या घरांना हे नवं नाही. आजीच्या हातचं मुठेल, म्हणजे या बीची घट्ट चरबी, काही जण त्याला भिरंडेल म्हणतात, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावलेलं आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तरीही आज पुष्कळ ठिकाणी बी उकिरड्यावर जाते, कारण हंगामात कुणाला सवड नसते.

सुकलेल्या बीच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा चरबी असते. घरी उकळून काढताना त्याहून कमी मिळते, यंत्रावर जास्त. ही चरबी साध्या हवेत घट्ट राहते आणि ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणून साबण, मलम आणि ओठांना लावायच्या लेपांसाठी तिला मागणी असते. युरोपीय संघानं २००० साली चॉकलेटचे जे नियम केले, त्यांत कोकोच्या लोण्याशिवाय सहा वनस्पतींच्या चरबीला ५ टक्क्यांपर्यंत परवानगी दिली. त्या सहांत कोकम आहे आणि आंब्याची कोयही आहे. आपण वहाळाकाठी ओततो त्या दोन्ही वस्तू त्या यादीत आहेत, हे मला वाचून कळलं तेव्हापासून टेम्पो रिकामा होताना बघवत नाही.

बी काढली त्याच दिवशी रोवळीत घालून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. भोवतीचा गोडसर गर राहिला तर मुंग्या येतात आणि दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. आगळासाठी मीठ लावलेल्या फळातली बी असेल तर दोन पाणी जास्त घाला. मीठ राहिलेली बी सुकल्यासारखी दिसते, पण पावसाळी हवा लागताच ओल ओढून घेते. धुतल्यावर निथळून कातळावर किंवा स्वच्छ जाळीवर पातळ पसरा. पाच-सहा कडक उन्हं लागतात. संध्याकाळी गोळा करून झाका, कारण किनाऱ्याकडची रात्रीची दमट हवा दिवसभराची मेहनत परत ओली करते. बी हलवल्यावर आतला गर खुळखुळला की झाली.

मग लाकडी मोगरीनं हलकेच ठेचून टरफल वेगळं करा आणि सुपानं पाखडा. गर कुटून पाण्यात उकळला की चरबी वर तरंगते. रात्रभर थंड होऊ दिली की वर घट्ट थर येतो, तो काढून पुन्हा वितळवून गाळा. इतकं करायला सवड नसेल तर नुसता सुकलेला गर किंवा अख्खी बीसुद्धा विकता येते. एकट्याच्या घरात एक-दोन पोती निघतात आणि तेवढ्यासाठी व्यापारी गावात येत नाही. वाडीतल्या चार घरांनी किंवा बचत गटानं एकत्र माल केला तर येतो. गिऱ्हाईक मात्र हंगामाच्या आधी ठरवा. त्याला टरफलासह हवी की गर हवा, हे विचारल्याशिवाय ठेचायला घेऊ नका.

कोय

आमच्याकडे बाठा म्हणतात. हिच्याबाबत मी पहिल्या वर्षी जी चूक केली ती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. त्या वर्षी आठवडाभर कोयी जशा येतील तशा पोत्यात भरून मांगरात रचल्या. विचार असा की रस संपला की एकदम सुकवू. चौथ्या दिवशी पोत्यात हात घातला तर आत गरम. वास दारूसारखा. तरी सुकवल्या, फोडल्या, गर व्यापाऱ्याकडे नेला. त्यानं एक तुकडा मोडला, नाकाशी धरला आणि पोतं परत माझ्या गाडीत ठेवलं.

झालं असं होतं की कोयीच्या गरात चरबी असते, सुक्या गराच्या साधारण ७ ते १२ टक्के. ओल राहिली की गरातलीच विकरं (एन्झाइम) ती चरबी फोडू लागतात, तिचा आंबटपणा वाढतो आणि ती खवट होते. एकदा खवट झाली की नंतर कितीही ऊन दिलं तरी सुधारत नाही. तेव्हा कोय पोत्यात चोवीस तासांहून जास्त राहता कामा नये. पल्परमधून (रस काढायच्या यंत्रातून) आली की पाण्याच्या टाकीत घोळून चिकटलेला रस आणि रेषा काढा, निथळा आणि त्याच दिवशी पसरा. दोन दिवसांनी टरफल कोरडं होऊन फोडता येतं. अख्खी कोय ठेवून गर सुकायची वाट बघत बसू नका. फोडून गर बाहेर काढा, मोठ्या गराचे दोन-चार तुकडे करा आणि पुन्हा तीन-चार दिवस वाळवा. टरफलं चुलीला उत्तम जळण आहेत, ड्रायर असेल तर त्याच्याच भट्टीत वापरा.

फोडताना आत काळा सोंड्या भुंगा किंवा पोखरलेला गर दिसला तर तो वेगळा टाका. हिरवट-काळी बुरशी दिसली तर तो गर कुठेच वापरू नका, गुरांनाही नाही. बुरशीचं विष जनावराच्या पोटातून दुधात उतरतं आणि ते दूध आपली पोरं पितात.

चांगला गर गुरांना चालतो, पण त्यात टॅनिन भरपूर असतं, त्यामुळे तो तुरट लागतो आणि पचायला जड जातो. रात्रभर भिजवून पाणी ओतून द्या किंवा उकळून पाणी काढा, पुन्हा सुकवा, भरडा आणि खुराकाच्या दहाव्या हिश्शापर्यंतच मिसळा. सुरुवात मूठभरापासून. घरच्यापुरतं करायचं असेल तर कोयीची सुपारी आहेच: गर मिठाच्या पाण्यात उकळायचा, वरची पातळ साल काढून बारीक चिरायचा, सुकवायचा, मग तुपावर परतून काळं मीठ आणि ओवा. गावच्या जत्रेत बचत गटांच्या टेबलावर ती हमखास खपते. खायच्या कोणत्याही वस्तूची विक्री करायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या.

साल

साल सुकवायचीच असेल तर कोणत्या आंब्याची, हे आधी बघा. झाडावर शेवटची फवारणी कधी झाली, कोणतं औषध होतं आणि त्यानंतर थांबायचा काळ पाळला का, हे माहीत नसलेल्या फळाची साल माणसाच्या खाण्यात आणू नका. औषधाचा अंश जास्त करून सालीवरच राहतो. अशी साल खतात घाला. आपल्या बागेतला, खात्रीचा, नीट धुतलेला आंबा असेल तर साल उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून काढा. यानं सालीतलं पेक्टिन (जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ) फोडणारी विकरं थांबतात आणि रंगही टिकतो. मग निथळून, दाबून जितकं पाणी जाईल तितकं घालवा, कारण दाबून काढलेल्या पाण्याला जळण लागत नाही. ५५ ते ६० अंशांवर सोलर ड्रायरमध्ये किंवा ट्रे ड्रायरमध्ये वाळवा. पेक्टिन काढणं हे कारखान्याचं काम आहे, घरी त्याच्या नादी लागू नका. सालीची पूड मात्र करता येते.

साल हाताळणाऱ्या बायकांना हातमोजे द्या. चिकानं बोटांना फोड येतात आणि मग तीच बाई पुढचे आठ दिवस कामाला येऊ शकत नाही. हंगामाच्या घाईत हे विसरलं जातं आणि ज्यांचे हात भाजतात त्या सहसा बोलत नाहीत.

डांबरी रस्त्यावर काहीही वाळत घालू नका. धूळ, डांबराचा अंश, टायरची घाण सगळं मालात उतरतं आणि चरबी काढताना ते निघत नाही.

सुकलं की नाही, हे कसं ओळखायचं

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर गराचा तुकडा मोडून बघा. कट्कन आवाज करून तुटला तर ठीक, वाकला तर नाही. थोडा माल स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तासभर उन्हात ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून दोन उन्हं द्या. उन्हातून उचललेला गरम माल लगेच भरू नका, त्याला घाम सुटतो. सावलीत निववून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि ती पिशवी पोत्यात. पोती भिंतीपासून हातभर लांब, लाकडी फळ्यांवर. एवढं करूनही पावसाळाभर घरात साठवण्यापेक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात माल उठवलेला बरा.

ड्रायर घ्यायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना अजून चालू आहे का ते विचारा; तीत बँक कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठरवलेलं होतं. यंत्र आधी आणि अर्ज नंतर असं केलं तर हाती काही लागत नाही. कोणत्या आकाराचा ड्रायर आपल्या मालाला पुरेल, हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांशी बोलून ठरवा.

पाऊस आधीच आला तर

उघड्यावरचा माल ताडपत्रीखाली ढीग करून ठेवू नका, तो आतून तापतो. शेडमध्ये पातळ पसरा आणि पंखा लावा. भिजलेली साल सुकवायचा हट्ट सोडा. ती कोरड्या भातपेंढ्यात मिसळून, पाणी गळणार नाही इतका पेंढा घालून, पिंपात दाबून हवाबंद करा. तीन-चार आठवड्यांनी गुरांना थोडी थोडी घालता येते. ताजी साल एकदम पाटीभर घातली तर पोट फुगतं. किडकी, अळी पडलेली फळं मात्र यात नकोत. ती खोल खड्ड्यात पुरून माती दाबा, नाहीतर फळमाशी पुढच्या हंगामासाठी आपल्याच बागेत तयार होते.

आणि रायवळच्या (गावठी आंब्याच्या) कोयी यातल्या कशातच घालू नका. रायवळचा रस घरी हातानं काढतात, तेव्हा त्याची कोय धडकी राहते. ती वाळली की मेली. कोय कलमांसाठी रोपवाटिकांना तीच लागते, महिन्याच्या आत पेरली तरच उगवते. धुऊन सावलीत ठेवा, आठवड्याच्या आत जवळच्या रोपवाटिकेत पोचवा किंवा घरामागे वाफा करून स्वतःच लावा. कोवळी तांबूस पानं फुटली की पंधरा दिवसांच्या आत कलम बांधता येतं, आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा त्याला मानवते.