समुद्रावर वादळ चुकवताना

उंचीवर उडताना विमानाच्या हवामान रडारचा झोत सरळ ठेवला तर तो ढगाच्या बर्फाळ माथ्यावर पडतो. कोरडा बर्फ लहरी फारशा परतवत नाही, त्यामुळे पडदा हिरवट, म्हणजे सौम्य हवामानाचा दिसतो आणि समोर मात्र अक्राळविक्राळ ढग असतो. म्हणून अँटेना खाली झुकवा, पाण्याने भरलेला मधला भाग दिसेपर्यंत.

४० सागरी मैल आधीच वळायचं ठरवा. ढगापासून किमान २० मैल राखा, वारा येतो त्या अंगाने. दुसऱ्या बाजूला गारा आणि हादरे असतात.

वळण्याची परवानगी हवाई नियंत्रकाकडे डेटालिंकवर (लेखी संदेशांच्या दुव्यावर) लवकर मागा. ती मिळाली नाही आणि वळणं भागच असेल, तर बाहेरचे दिवे लावा, १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर आसपासच्या विमानांना सांगा. मार्गापासून ५ मैलांवर उंची ३०० फुटांनी बदला: पूर्वेकडे जाताना डावीकडे वळलात तर खाली, उजवीकडे तर वर, पश्चिमेकडे जाताना उलट.